सोलापूरच्या पाण्यात सिल्व्हर डॉलर

सिल्व्हर डॉलर हा टाकीत पाळायचा मासा नात्याने पिरान्हा या मांसाहारी माशाचा चुलतभाऊ, पण खातो पालक आणि काकडी. दोघांचं कूळ एक, मूळ गावही एकच: दक्षिण अमेरिकेतलं ॲमेझॉनचं खोरं. पावसाळ्यात तिथल्या नद्या पात्र सोडून जंगलात शिरतात, झाडं कित्येक महिने पाण्यात उभी राहतात, आणि हे मासे त्या बुडालेल्या रानात पानं, फळं, बिया खात हिंडतात. आपल्याकडे विकायला येतात ते बहुतेक ‘मेटिनिस’ या प्रजातीचे. गोल, चपटं, रुपेरी अंग. समोरून पाहिलात तर मासा जवळजवळ दिसतच नाही, नुसती एक उभी रेघ दिसते. बाजूने वळला की सगळा उजेड अंगावरून परततो. त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिबारीक पापुद्रे असतात, ते आजूबाजूचाच उजेड परत फेकतात. मूळ ठिकाणी त्यामुळे तो भोवतालच्या पाण्यात मिसळून जातो. आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली मात्र तोच मासा लांबूनच डोळ्यांत भरतो.

दुकानात दिसतो तेव्हा तो तीन-चार सेंटिमीटरचा असतो. वाढून होतो १५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. मुलगा तिसरीत असताना हौसेने आणलेला मासा त्याच्या बारावीच्या निकालालाही टाकीत असणार आहे, हे घेतानाच डोक्यात असावं. शिवाय हा कळपाचा मासा. एक-दोन घेऊन चालत नाही. पाचाच्या खाली आले की ते बिचकतात, कोपरा धरतात, खाणं सोडतात. सहा हा हिशोबाला धरायचा आकडा.

माशाचं दुकान म्हटलं की पुढचा संवाद ठरलेला. “काका, दोन फुटी टाकीत चालतील का?” “चालतात की! घेऊन जा, काय होत नाही.” सहा महिने खरंच काही होत नाही. पिल्लं लहान असतात, टाकी भरल्यासारखी छान दिसते. त्यानंतर मात्र सगळं बिघडायला लागतं.

मासा काटक आहे. सोलापुरात तो सहसा रोगाने मरत नाही, पाण्याने मरतो: कमी पाण्याने, क्लोरीनच्या पाण्याने, जड म्हणजे क्षार भरलेल्या पाण्याने, तापलेल्या पाण्याने. म्हणून या लेखात माशापेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलंय.

किती पाणी लागतं

सहा माशांना टाकी किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हवी. हे झाले ९ घनफूट. एका घनफुटात २८ लिटर बसतं, म्हणजे अडीचशे लिटर. उंची दोन फूट केली तर ३४० लिटरच्या घरात जातं, पण पैसे घालायचे तर उंचीपेक्षा लांबी-रुंदीत घाला. हे मासे आडवे पळतात, आणि पाण्याचा हवेशी जेवढा पसरट संबंध येईल तेवढा बरा. अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, वर काच आणि खडी. तीनशेच्या पुढे वजन गेलं. शोकेसच्या फळीवर हे ठेवायचं नाही. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, वर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा पातळ थर. स्टँड भिंतीलगत, खिडकीच्या उन्हापासून लांब.

आता घरात प्रश्न निघतो. सोलापूरला पाणी येतं उजनीतून, भीमेवरच्या टाकळीहून आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून, पण नळाला ते रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार करणाऱ्या घरात कोणीतरी म्हणतंच, “आपल्याला पुरेना आणि माशांना अडीचशे लिटर?” प्रश्न रास्त आहे. पण अडीचशे लिटर एकदाच लागतं. त्यानंतर आठवड्याला पाव टाकी बदलायची, म्हणजे साठ-बासष्ट लिटर, १५ लिटरच्या चार बादल्या. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडाचं खतच. कुंड्यांना, परसातल्या कढीपत्त्याला तेच घाला. झाडांना एरवी देत असलेलं पाणी तेवढं वाचलं. आमच्या घरी हा हिशोब मांडून दाखवल्यावर विरोध निम्म्यावर आला. उरलेला निम्मा माशांनी स्वतःच संपवला.

क्लोरीनचा प्रश्न सोलापूरकराला जवळजवळ फुकटात सुटलेला आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतो, पण माशाचे कल्ले भाजतो. पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवलं की तो उडून जातो, ऊन लागलं तर आणखी लवकर. ज्या गावात पाणी रोज येतं तिथे लोकांना यासाठी मुद्दाम पिंप भरून ठेवावं लागतं. आपल्या दारात ते भरलेलंच असतं. फक्त पाणी आलं त्याच दिवशी टाकीचं पाणी बदलायची घाई करू नका. घाई असलीच तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते वापरा, ते सोडियम थायोसल्फेट असतं आणि क्लोरीन मिनिटांत मारतं. एक मात्र पाळा: तांब्याच्या घागरीतलं किंवा हंड्यातलं पाणी टाकीत घालायचं नाही. तांबं आपल्याला पथ्यकर असेल, माशाला विष आहे. आणि टाकीसाठीची बादली वेगळी ठेवा, जिला साबणाचा हात कधी लागलेला नाही अशी.

बोअरचं पाणी

नळाचं कमी पडलं की बोअर. सोलापूरच्या खाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट, आणि त्याच्या फटींतून साठणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर विरघळलेले असतात. शॉवरची भोकं बुजतात, बादलीला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही ती त्यामुळेच. ॲमेझॉनचं पाणी याच्या अगदी उलट, मऊ आणि किंचित आम्लधर्मी. पाणी किती आम्लधर्मी हे मोजतात पीएचने: सातच्या खाली आम्लधर्मी, वर उलट. पुस्तकात बघाल तर सिल्व्हर डॉलरला पीएच साडेपाच ते साडेसात, असं लिहिलेलं सापडेल.

म्हणून लगेच पीएच कमी करायच्या बाटल्या आणू नका. इथे मिळणारी पिल्लं सहसा फार्ममध्ये पैदा झालेली असतात, त्यांनी ॲमेझॉन पाहिलेलंही नसतं. मध्यम जड पाणी ती सोसतात. सोसत नाहीत ती चढउतार. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, त्यामुळे तुम्ही आम्लाचे थेंब टाकले की पीएच खाली येतो, आणि दुसऱ्या दिवशी कार्बोनेट त्याला परत वर ओढून नेतं. तुम्ही परत थेंब टाकता. मासा या हेलकाव्यात खचतो. देशी बदामाची वाळलेली पानं टाकायचा सल्लाही मिळेल. पानं चांगलीच आहेत, पाणी चहासारखं तांबूस होतं, माशाला ओळखीचं वाटतं, पण जड पाण्याचा पीएच त्याने हलत नाही. पाणी मऊ करायचा खरा उपाय एकच: त्यात मऊ पाणी मिसळणं. नळाचं साठवलेलं अर्धं आणि बोअरचं अर्धं, किंवा बोअरमध्ये आरओचं, किंवा पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन पावसांनी धुऊन निघालेल्या गच्चीचं. आरओच्या मशीनमधून बाजूला पडणारं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नको. मूळ पाण्यातले क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

न दिसणारं विष

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, त्यातून आणखी होतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, जवळपास निरुपद्रवी. दुसरं खुद्द अमोनिया, कल्ल्यातून रक्तात शिरणारं विष. कोणतं रूप किती, हे ठरतं पीएच आणि तापमानावर. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच साडेसात टक्के होतो. साडेआठला वीस टक्के.

हा सगळा लेख विसरलात तरी हे तीन आकडे लक्षात ठेवा. पुण्याचं धरणातलं पाणी बरंच मऊ. तिथल्या भावाच्या टाकीत जेवढी घाण माशाला जाणवतसुद्धा नाही, तेवढीच घाण आपल्या बोअरच्या, पीएच चढा असलेल्या, एप्रिलात तापलेल्या पाण्यात आठ-दहा पट विषारी ठरते. म्हणून “त्याच्याकडे तर महिना-महिना पाणी बदलत नाहीत” हा दाखला इथे लागू पडत नाही.

या विषाचा निकाल जिवाणू लावतात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारणारं. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आज आणली, भरली, आणि संध्याकाळी मासे सोडले, तर ते मासे जिवाणूंविना राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जातो, आठवड्यात तीन जातात, आणि दुकानदाराला बोल लागतो. त्यापेक्षा टाकी चालू करून रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, मासे न सोडता. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणू त्यावर पोसले जातील. ओळखीतल्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या पाण्यात पिळा. मळकट पाणी येईल, पण त्यातच विरजण आहे. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासे आणायचे.

बसलेली वस्ती उठवायची सोपी रीत म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुणं. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी परत पहिल्या दिवसावर येते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोन-तीनदा दाबून, बस्स. पांढराशुभ्र करायच्या नादी लागू नका.

नायट्रेट कमी करायला इतर लोक टाकीत झाडं लावतात. सिल्व्हर डॉलरवाल्यांना ही सोय नाही. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, जे लावाल ते दोन दिवसांत देठापर्यंत संपतं. चिवट पानांचं जावा फर्न आणि ॲन्युबियस कधीकधी वाचतं, तेही नशीब असेल तर. बाकी दगड, पाण्यात मुरवलेली लाकडं आणि प्लॅस्टिकची झाडं. म्हणजे नायट्रेट बाहेर काढायचा मार्ग उरतो तो आठवड्याच्या चार बादल्यांचाच. फिल्टर तासाला टाकीच्या चौपट-पाचपट पाणी फिरवणारा घ्या, पण तो कितीही भारी असला तरी त्या बादल्या चुकत नाहीत.

एप्रिल आणि मे

या माशाला २४ ते २८ अंश मानवतं, तीसपर्यंत तो ओढून नेतो. सोलापुरात पारा बेचाळीसवर गेला की स्लॅबखालच्या खोलीतली टाकी तेहतीस-चौतीसला पोचते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३३ अंशांना जेमतेम सव्वासात. दुसरीकडे तापमान वाढलं की माशाच्या शरीराची भूक वाढते, त्याला प्राणवायू जास्त लागतो. जिवाणूंनाही लागतो. म्हणजे आवक घटली आणि खर्च वाढला. पहाटे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून उभे दिसले, कल्ले भरभर हलत असले, तर तो हाच हिशोब बिघडलेला आहे.

अशा वेळी लोक फ्रिजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडतात. त्याचं गणित करून बघा. एक लिटर बर्फ वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत अडीचशे लिटर पाण्याचं तापमान अर्धा अंशही उतरत नाही. चार बाटल्या टाकल्या तर दोन अंश, तेही तासाभरासाठी, आणि बाटलीजवळच्या माशाला गारठा. याउलट तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर टाकीतून दोन अंशांहून जास्त उष्णता घेऊन जातं. बर्फाच्या पाचपट. माठ गार होतो तो असाच. म्हणून टाकीच्या तोंडावर एक छोटा टेबलफॅन तिरका लावा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकला पाहिजे. खोलीतून सतत उष्णता येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात उतार दोन ते चार अंशांचा मिळतो, पण तो टिकतो, आणि तेवढाच हवा असतो. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती धड चालत नाही, पाणी उडायलाच तयार नसतं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, तेवढा एक फायदा.

यात दोन अडचणी आहेत. पहिली झाकणाची. सिल्व्हर डॉलर घाबरला की सरळ वर उडी मारतो, रात्री अचानक दिवा लावला तरी पुरतं. त्यामुळे टाकी उघडी ठेवता येत नाही, आणि काचेचं झाकण ठेवलं तर वाफ अडते, फॅनचा उपयोग संपतो. खिडकीला लावतात ती डासांची जाळी लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवून घ्या. मासा आत, वाफ बाहेर. दुसरी अडचण क्षारांची. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. रोज दोन-तीन लिटर उडतं आणि तुम्ही बोअरच्या पाण्याने भर घालत गेलात तर महिन्याभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. नुसती भर घालायची असेल तेव्हा आरओचं किंवा पावसाचं पाणी घाला, आणि आठवड्याची पाव टाकी त्याशिवाय वेगळी बदला.

वळवाच्या पावसात वारा सुटला की वीज जाते, कधी तासाला येते, कधी रात्रभर नाही. एअरपंप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो तो आणून ठेवा. काहीच नसेल तर मगाने टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओता, थोड्या थोड्या वेळाने. वीज नसताना खायला घालू नका. आणि बंद डब्याचा फिल्टर चार-सहा तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करायचा नाही. आतले जिवाणू प्राणवायूविना मेलेले असतात, ती सगळी घाण एकदम टाकीत येते. उघडून वास घ्या, घाण येत असेल तर टाकीच्या पाण्याने धुऊन मग लावा.

थंडीचं एवढं नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, रात्री पाणी वीसच्या आसपास उतरतं, तेवढ्यापुरता २०० ते ३०० वॉटचा हीटर, थर्मोस्टॅटवाला. त्याला जाळीचं कवच लावा. हे मासे बिचकून पळताना हीटरला धडकतात, आणि तोंडात दात असल्याने बारीक वायर, हवेची नळी कुरतडूनही बघतात.

मंडईतून काय आणायचं

रोजचं खाणं स्पायरुलिना या शेवाळाच्या गोळ्या किंवा चुरा, दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. त्याला जोड भाजीची. काकडीची चकती, दोडक्याचा तुकडा, सोललेले मटार, कोबीचं कोवळं पान, पालक. पालक आणि कोबी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा म्हणजे मऊ पडतात. काकडी तरंगते, म्हणून स्टीलच्या चमच्याला अडकवून तळाशी सोडा. फवारणी झालेली असते, त्यामुळे भाजी नीट धुवा, शक्यतो साल काढा. पालक रोज नको, आठवड्यातून एकदा-दोनदा. न खाल्लेला तुकडा चार-पाच तासांत काढा, नाहीतर अमोनियाची कहाणी पहिल्यापासून. सुरुवातीला काही मासे भाजीकडे ढुंकून बघत नाहीत. एक दिवस गोळ्या बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी चकतीच्या कडेला अर्धचंद्राकृती चावे दिसतात, मध्ये बिया तेवढ्या उरलेल्या.

लाल अळ्या म्हणजे ब्लडवर्म त्यांना आवडतात, पण ती चैन, पंधरवड्यातून एखाद्या वेळी. भाकरी, पोळी, चुरमुरे टाकीत नकोत. तलावावर पुण्य म्हणून टाकतात ते वेगळं, टाकीत पीठ आंबतं आणि पाणी दुधाळ होतं.

सोबतीला गप्पी, निऑन टेट्रा असले बारके मासे ठेवू नका. शाकाहारी असला तरी तोंडात मावेल ते तो गिळतो. लांब पंखांचे फायटर किंवा एंजल असतील तर पंखांना चावे बसतात. गोल्डफिशला गार पाणी लागतं, त्यामुळे तोही नाही. फ्लॉवरहॉर्न यांना सुखाने जगू देत नाही. पॅरट, सेव्हरम असे साधारण तेवढ्याच आकाराचे, शांत मासे जमतात. माझं विचाराल तर सहाचे आठ सिल्व्हर डॉलर करा आणि दुसरं कोणी घालूच नका. पूर्ण कळप एकदम वळतो तेव्हा टाकीचा रंग बदलतो. मिसळीच्या टाकीत ते पाहायला मिळत नाही.

सिल्व्हर डॉलर की रूपचंद?

मासळीबाजारात रूपचंद पाहिला असेल, पापलेटसारखा दिसणारा, स्वस्त. तो म्हणजे पाकू, याच कुळातला आणखी एक भाऊ, तळ्यांत शेती करून वाढवतात. त्याचं पिल्लू आणि सिल्व्हर डॉलरचं पिल्लू शेजारी ठेवलं तर नवख्याला फरक कळत नाही, आणि टाकीवर नाव काहीही लिहिलेलं असू शकतं. फरक पुढे वर्षभरात कळतो. रूपचंद दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो आणि चार फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही.

ओळखायचं कसं? पाठीवरच्या मोठ्या पंखामागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पंख असतो. सिल्व्हर डॉलरमध्ये तो लांबट असतो, पाठीला लांबवर चिकटलेला. रूपचंदमध्ये तो आखूड, नुसतं बोंड. दुसरं, रूपचंदच्या पिल्लाचा गळा आणि पोट लालसर असतं आणि अंगावर काळपट ठिपके असतात. सिल्व्हर डॉलर वरपासून खालपर्यंत रुपेरी, अंग जास्त गोल. काहींच्या अंगावर मिरीएवढे काळे ठिपके दिसतात खरे, पण तुरळक, ओळीत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा काचेला लावून फोटो काढा आणि मोठा करून पंख बघा, दुकानात उभ्याउभ्या निकाल लागतो.

नर-मादी ओळखायची तर मासा मोठा व्हावा लागतो. नराच्या पोटाखालच्या मागच्या पंखाची पुढची कड लांब आणि लालसर असते. मऊ, कोमट पाण्यात मादी शेकड्यांनी अंडी विखुरते, ती तळाशी पडतात आणि तीनेक दिवसांत फुटतात. आपल्या जड पाण्यात हा योग क्वचित येतो. त्यासाठी वेगळी टाकी मांडण्यात मला तरी हशील वाटत नाही.

मासे मोठे झाले, बदली झाली, टाकी फुटली, काहीही झालं तरी त्यांना सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा हिप्परग्याला सोडायचं नाही. आपलं पाणी उबदार आहे, परदेशी मासा इथे तग धरू शकतो. उजनीत चिलापीने, म्हणजे तिलापिया या परदेशी माशाने, काय केलंय ते कोणत्याही मच्छीमाराला विचारा. जाळं भरतं ते तिनेच, आणि जुने गावठी मासे शोधावे लागतात. मासे दुकानात परत द्या, फुकट द्या, ओळखीत विचारा. चांगल्या वाढलेल्या कळपाला घेणारा मिळतो.

घ्यायचेच असतील तर मृगाचा पाऊस पडून हवा उतरल्यावर घ्या. मे महिन्यात पिशवीतलं पाणी दुकानापासून जुळे सोलापूरपर्यंत येईतो तापतं. सहाही एकाच वेळी, एकाच मापाचे निवडा. पंख मिटून उभे असलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेले सोडून द्या, आणि त्याच टाकीतले बाकीचेही सोडा, तो रोग पाण्यातून पसरतो. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग उघडून दर पाच-दहा मिनिटांनी टाकीचं अर्धा पेला पाणी आत घाला, तासभर. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर ओता. पहिले दोन दिवस ते एका कोपऱ्यात दाटीने उभे राहतील, रंग फिका पडेल, खाणार नाहीत. टाकीचा दिवा बंद ठेवा, मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका, आणि तिसऱ्या दिवशी काकडीची एक चकती सोडून बघा.